साहेब धडगावचा, नाईक चोपड्याचा: एका एकांकिकेच्या पात्रनिवडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण खानदेशातल्या एका हौशी नाट्यसंघाचं आहे. संहितेला हात लावणं आणि तालमींना मार्गदर्शन करणं, ही दोन्ही कामं माझ्याकडे होती. म्हणजे हे मी लांबून पाहिलेलं नाही, आणि पुढे दिसतील त्या चुकांतल्या काही माझ्याच आहेत. कुणाचं नाव देत नाही. तालमीत आम्ही पोरांना गावावरूनच हाक मारतो, 'ए भुसावळ, विंगेत काय करतोस!' असं. तीच रीत इथे ठेवली आहे, फक्त तालुके थोडे इकडचे तिकडे केले आहेत.

एकांकिकेचा विषय आमच्या घरचाच होता. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, पण सातपुडा काही त्यांच्या हाती लागेना. मग 1825 मध्ये जेम्स आउट्रम या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्याकडे भिल्लांचीच पलटण उभी करायचं काम आलं. धरणगाव हे तिचं ठाणं. आउट्रम डोंगरात गेला, भिल्लांबरोबर वाघाच्या शिकारी केल्या आणि माणसं जोडली. तीस-बत्तीस वर्षांनी चित्र पालटलं. मुंबई–आग्रा रस्त्यावरच्या सेंधवा घाटाची राखण करणारे भिल्ल पुढारी खाज्या नाईक 1857 मध्ये इंग्रजांवर उलटले. त्यांनी कंपनीचा खजिना लुटला, आणि 11 एप्रिल 1858 रोजी आंबापाणीला मोठी लढाई झाली. त्यांच्याविरुद्धच्या मोहिमेत भिल्ल पलटणीचे शिपाईही होते. म्हणजे आउट्रमनं जोडलेली माणसं शेवटी आपल्याच माणसांवर बंदूक धरून उभी. एकांकिका या गाठीवर लिहिली होती. पहिल्या भागात आउट्रम, दुसऱ्यात खाज्या नाईक, आणि दोन्हींमध्ये पलटणीचा एक शिपाई, तरुणपणीचा आणि म्हातारपणीचा.

पात्रवाटप एका संध्याकाळी झालं, आणि कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. साहेब भुसावळला, कारण तो उंच, गोरा, घाऱ्या डोळ्यांचा. खाज्या नाईक अमळनेरला, कारण तो संघातला सगळ्यांत तयार नट. धडगावहून शिकायला आलेला, वसतिगृहात राहणारा एक पावरा आदिवासी मुलगा होता. त्याला भाला घेऊन उभा राहणारा पहारेकरी दिला. वाक्य एकही नाही. चोपड्याकडचा एक भिल्ल मुलगा प्रकाशयोजनेला मदत करत होता. त्याला कुणी काही विचारलंच नाही.

रंगभूषाकार काका जुने. पौराणिक नाटकांपासून त्यांचा हात तयार. त्यांनी यादी लगेच लिहून घेतली: साहेबासाठी पांढरट पॅनकेक आणि सोनेरी विग, नाईकांसाठी आणि पहारेकऱ्यांसाठी डार्क शेड. 'अमळनेरला दोन हात जास्त मारावे लागतील,' एवढंच ते म्हणाले.

अडचण

दुसऱ्या आठवड्यात भुसावळनं रेल्वेभरतीची परीक्षा आहे म्हणून रजा मागितली आणि तो परत आलाच नाही. बदली मिळेपर्यंत साहेबाची वाक्यं कुणीतरी वाचायची म्हणून वही धडगावच्या हाती दिली. त्याला वाक्यं नव्हती, तो रिकामाच होता.

इथून प्रकरण सुरू झालं. भुसावळ साहेबाची वाक्यं सिनेमातल्या साहेबासारखी म्हणायचा, 'टुम लोग क्या मांगटा' या चालीवर. ती तशी लिहिलेली नसतानाही. धडगाव ती सरळ मराठीत, एकेक शब्द सुटा करून, जपून म्हणत होता. त्याची घरची भाषा पावरी. मराठी तो आश्रमशाळेत पुस्तकातून शिकला. त्याच्या तोंडी 'मला तुमच्याशी बोलायचे आहे' हे 'बोलायचे' असंच येतं, 'बोलायचंय' येत नाही. परकी भाषा शिकून ती नीट वापरणाऱ्या माणसाचा तोल त्याच्या बोलण्यात आपसूक होता. आउट्रम देशी भाषा बोलला असेल तर अशीच बोलला असेल, हे आम्हाला बसल्या जागी ऐकू आलं.

दिग्दर्शक म्हणाले, 'वाचतो झकास. पण दिसायला...' आणि वाक्य तिथेच सोडलं.

ते अर्धं वाक्य पुढचे आठ दिवस तालमीत फिरत राहिलं.

बैठकीत काय काय निघालं

रविवारी सगळ्यांना बसवलं. चहा तीनदा झाला. संघातल्या एका शिक्षिकाबाईंनी मुद्दा मांडला की, तिकडे अमेरिकेत 2015 साली आलेल्या 'हॅमिल्टन' या संगीत नाटकात जॉर्ज वॉशिंग्टन कृष्णवर्णीय नटानं केला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. मग आपल्याला कसला संकोच? वर्णनिरपेक्ष पात्रनिवड म्हणतात तिला. रंग बघायचाच नाही, काम बघायचं.

मला हे अर्धंच पटलं, अजूनही अर्धंच पटतं. 'हॅमिल्टन'मध्ये रंग बघितलेला नाही असं कसं म्हणायचं? तिथे तो बघूनच, ठरवून केलेला आहे. अमेरिका उभारणारे गोरे पुढारी आज गोरे नसलेल्या नटांनी करायचे, यातच त्या नाटकाचं म्हणणं आहे. उलट ऑगस्ट विल्सन हा कृष्णवर्णीय अमेरिकी नाटककारच 1996 मध्ये एका जाहीर भाषणात वर्णनिरपेक्ष निवडीच्या विरोधात उभा राहिला होता. गोऱ्यांच्या नाटकांत आम्हाला भूमिका देता, त्यापेक्षा आमच्या माणसांच्या नाटकांना रंगमंच आणि पैसा द्या, असा त्याचा रोख होता. दोन्ही बाजू तिथल्याच, आणि दोन्ही आमच्या टेबलावर लागू पडत होत्या.

दिग्दर्शकांचा आक्षेप वेगळा होता. पौराणिकात काहीही चालतं. इंग्रज दिग्दर्शक पीटर ब्रूकच्या 1985 च्या 'महाभारता'त भीष्म आफ्रिकी नटानं केला, कारण भीष्माचा फोटो कुणापाशी नाही. आउट्रम मात्र इतिहासातला माणूस. त्याची चित्रं आहेत, कोलकात्याला व्हिक्टोरिया मेमोरियलच्या आवारात त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे. 2023 मध्ये क्लिओपात्रावरच्या माहितीमालिकेत कृष्णवर्णीय नटी घेतली तेव्हा इजिप्तमध्ये केवढं वादळ उठलं, हेही त्यांनी सांगितलं.

या उदाहरणात एक मेख आहे, ती तेव्हा मला सुचली नाही, नंतर सुचली. ती माहितीमालिका होती. 'क्लिओपात्रा अशी होती' असं सांगणारा प्रकार. रंगमंचावरचा नट 'मी आउट्रम आहे' असं म्हणतो तेव्हा तो थाप मारतोय हे पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. आमच्याच रंगभूमीवर मिशा काढून बायकांची कामं करणाऱ्या पुरुषांना लोकांनी वर्षानुवर्षं स्त्री मानलं. बालगंधर्वांच्या नेसण्याची घरंदाज बायका नक्कल करत. ते चाललं, कारण संकेत रुजलेला होता. आमचा प्रश्न साधा होता: पंचेचाळीस मिनिटांच्या एकांकिकेत नवा संकेत रुजवायला किती वेळ मिळतो?

काका सगळं ऐकून म्हणाले, 'मी दोघांनाही रंगवून देतो. भांडता कशाला?'

पर्याय

काकांचा पर्याय पहिला: अमळनेरला काळं, धडगावला पांढरं. यात धडगावला साहेब करायला मिळतो, पण पिठाच्या गिरणीतून आलेला दिसतो. शिवाय अमळनेरच्या तोंडाला काळा रंग लावून त्याला भिल्ल म्हणायचं, यातलं ओंगळपण एव्हाना आमच्यातल्या दोघा-तिघांना जाणवू लागलं होतं. 1965 च्या 'ऑथेल्लो' चित्रपटात लॉरेन्स ऑलिव्हिएसारख्या नटानं काळा रंग फासून केलेलं काम आज बघवत नाही, आणि आमचा अमळनेर काही ऑलिव्हिए नव्हे.

दुसरा पर्याय मी मांडला आणि तो सगळ्यांना एकदम आवडला: धडगावला खाज्या नाईक द्या, साहेबासाठी नवा गोरा मुलगा बघा. आदिवासी वीराची भूमिका आदिवासी मुलगा करणार. वृत्तपत्रात बातमीही चांगली येईल, असं कुणीतरी म्हणालं. तो कुणीतरी बहुधा मीच.

तिसरा होता चिठ्ठ्या टाकायचा. खरी वर्णनिरपेक्षता म्हणाल तर तीच. पण स्पर्धेला जाताना इतकी निरपेक्षता कुणाला परवडत नाही.

या सगळ्यात धडगाव कोपऱ्यात सतरंजीवर बसून होता. त्याला विचारायचं तासाभरानं कुणाच्या तरी लक्षात आलं. तो उभा राहिला, म्हणाला, 'सर, मी पावरा आहे. खाज्या नाईक भिल्ल होते.'

सरकारी यादीत पावरा हे भिल्लांच्याच नोंदीत येतात. घरात, भाषेत, लग्नात मात्र ते वेगळे. आम्हा शहरातल्यांना ती सगळी एकच 'आदिवासी पोरं'. धडगावच्या मुलाकडून ज्यांचं प्रतिनिधित्व आम्ही मागत होतो, त्या माणसांतला एक, चोपड्याचा, त्याच खोलीत दिव्याच्या वायरी गुंडाळत होता.

मग धडगाव पुढे म्हणाला, 'आणि मला साहेब येतो. आमच्या पाड्यावर फॉरेस्टचे साहेब येतात ना, ते बसत नाहीत. खाट टाकली तरी बसत नाहीत. उभ्यानेच बोलतात आणि खाटेकडे बघतात.'

आमच्या संहितेत आउट्रम पाड्यावर येतो, खाटेवर बसतो आणि मिशीला पीळ देतो, असं लिहिलेलं होतं. मीच लिहिलं होतं.

पहिला निर्णय

साहेब धडगावला दिला. पांढरा रंग नाही, विग नाही. कुणाच्याच कातडीला दुसरा रंग लावायचा नाही असं ठरलं, फक्त दिव्यात चेहरा पुसट दिसू नये इतपत प्रत्येकाची आपली शेड. संकेतासाठी दिग्दर्शकांनी युक्ती काढली ती चांगली होती. पडदा उघडतो तेव्हा सगळे नट साध्या काळ्या कपड्यांत रांगेत उभे, मागे खुंटीवर एक लाल कोट. डफ वाजतो. धडगाव रांगेतून निघतो, कोट चढवतो, गळ्यापर्यंत बटणं लावतो, आणि वळतो तो साहेब होऊन. कोट अंगावर आहे तोवर साहेब. काका दोन दिवस तालमीला आले नाहीत.

दुसरा निर्णय, जास्त अवघड

अमळनेरचं काय करायचं यावर आम्ही आधी असं ठरवलं की, रंग न फासता त्यानंच नाईक करावा. हिशेब सरळ वाटत होता. पावरा मुलगा इंग्रज करतो तर गावातला गोरा मुलगा भिल्ल का करणार नाही? न्याय दोघांना सारखा.

चौथ्या आठवड्यात तालीम बघायला भिल्ल समाजातले दोन कार्यकर्ते आले. बोलावणं आमचंच होतं, बोलीतले शब्द तपासायला. त्यांनी शब्द तपासले, दोन चुका काढल्या, आणि जाताना थोरले म्हणाले, 'नाटक चांगलं बसलंय. पण नाईक करायला आमच्यात पोरगं नाही का सापडलं?' आवाज चढवला नाही. उत्तरासाठी थांबलेही नाहीत.

त्या रात्री मी आणि दिग्दर्शक स्टँडवरच्या टपरीवर बाराला बंद होईपर्यंत बसलो. सारखा न्याय इथे सारखा पडत नव्हता. धडगावनं आउट्रम केला म्हणून कुठल्या इंग्रजाची जागा जात नव्हती. इंग्रजांचे वीर त्यांचे नट ढीगभर करतात. खाज्या नाईकांवर मात्र नाटकंच हाताच्या बोटांवर मोजावीत, आणि तीही भूमिका शहरातल्या मुलाकडे गेली, तर भिल्ल मुलाच्या वाट्याला पुन्हा वायरी. दिग्दर्शक म्हणत होते, मग नटाचं कसब कुठे गेलं? उद्या भिल्लानं भिल्लच करायचा, पाटलानं पाटीलच करायचा? हा प्रश्न खोटा नव्हता. मी त्याचं उत्तर दिलं नाही, आजही माझ्याकडे पुरतं नाही. या नाटकापुरतं, या गावात, या वर्षी नाईक चोपड्याला द्यावा, एवढ्यावर आम्ही आलो.

चोपडा नट नव्हता. आवाज खणखणीत, पण हात कुठे ठेवायचे ते कळत नसे. स्पर्धेला सोळा दिवस उरले होते.

अमळनेरला मी फोनवर सांगितलं. दुपारी, दोन कामांच्या मध्ये. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, 'सर, मी गोरा म्हणून का?' मी म्हणालो, तसं नाही. पण होतं तसंच. त्याला पलटणीच्या कारकुनाची चार वाक्यं देऊ केली. तो एक दिवस आला, आणि मग दुसऱ्या संघात गेला.

तालमी

शेवटच्या दोन आठवड्यांत सगळ्यांत उपयोगी पडला तो धडगावच. खाटेचा प्रसंग त्यानंच बसवला. म्हातारी खाट पुढे सरकवते, घोंगडी झटकते. साहेब खाटेकडे बघतो, तिचे आभार मानतो आणि उभाच राहतो. मिशीचा पीळ गेला, 'टुम'ही गेलं. चोपड्याच्या हातात तीरकामठा दिल्यावर त्याच्या हातांचा प्रश्न निम्मा सुटला. उरलेला निम्मा प्रयोगापर्यंत तसाच राहिला.

प्रयोग

स्पर्धेत धडगाव लाल कोट चढवून वळला तेव्हा हशा पिकला. मागून कुणीतरी अहिराणीत ओरडलं, 'हाऊ कथाना साहेब रे भो?' म्हणजे, हा कुठला साहेब रे भाऊ? पुन्हा हशा. मी विंगेत होतो. धडगाव थांबला, हसू ओसरू दिलं, आणि पहिलं वाक्य नेहमीपेक्षा सावकाश म्हटलं. खाटेच्या प्रसंगापर्यंत सभागृह शांत झालं होतं. त्या तीन-चार मिनिटांत संकेत रुजला असं म्हणता येईल, पण त्यासाठी एका एकोणीस वर्षांच्या मुलाला एकट्याला हशा झेलावा लागला.

चोपडा दोन ठिकाणी अडखळला. आंबापाणीच्या प्रसंगात त्याचा आवाज मात्र असा लागला की, प्रकाशयोजनेवरचा आमचा माणूस पुढचा क्यू विसरला.

बक्षीस मिळालं नाही. एका परीक्षकांनी चर्चेत सांगितलं, 'इंग्रज अधिकाऱ्याची निवड खटकते. एवढ्या मोठ्या संघात गोरा मुलगा नव्हता का?' दुसऱ्यांनी त्याच भूमिकेच्या संयमाचं कौतुक केलं आणि नाईकांचं काम कच्चं म्हटलं. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, असं मला परतीच्या गाडीत वाटत राहिलं.

महिन्याभरानं शिरपूरच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात उघड्यावर प्रयोग केला. तिथे हशा आला नाही. कोट चढवल्यावर पुढच्या रांगेतल्या एका पोरानं शंका काढली, आणि शेजारच्या बाईनं त्याला गप्प केलं: 'गोरा नही शे, पन साहेब शे.' प्रयोगानंतर म्हातारी माणसं जवळ आली. रंगाबद्दल कुणी काही बोललं नाही. नाईकांचा फेटा चुकीचा बांधलाय, हे मात्र तिघांनी वेगवेगळं येऊन सांगितलं, आणि एकानं तो सोडून पुन्हा बांधून दाखवला.

काय वेगळं करता आलं असतं

पात्रवाटपाच्या पहिल्या संध्याकाळी आम्ही रंग बघितला नाही, असं आम्हा सगळ्यांना मनापासून वाटत होतं. प्रत्यक्षात घारे डोळे बघितले, भाला कुणाच्या हातात शोभेल ते बघितलं, आणि त्याला 'योग्य वाटतो' असं नाव दिलं. भुसावळला परीक्षा नसती तर हे प्रकरण घडलंच नसतं आणि धडगाव तीन प्रयोग भाला धरून उभा राहिला असता. आता मी पहिलं वाचन सगळ्यांना सगळ्या भूमिका देऊन करतो. वेळ दुप्पट जातो.

कार्यकर्त्यांना चौथ्या आठवड्यात बोलावलं, ते पहिल्या आठवड्यात बोलवायला हवं होतं. आणि फक्त शब्द तपासायला नव्हे. चोपड्याला सोळा दिवसांऐवजी चाळीस मिळाले असते, तर 'काम कच्चं' हा शेरा कदाचित आला नसता. आता तो शेरा त्याच्या नावावर आहे, आमच्या उशिराच्या नाही.

अमळनेरला समोर बसवून सांगायला हवं होतं, आणि खरं कारण सांगायला हवं होतं. त्यानं ते कदाचित मानलं नसतं. भूमिका त्याच्या हातात दिल्यावर काढून घेतली, ही चूक रंगाच्या वादापेक्षा वेगळी आहे आणि तिला कुठलंही तत्त्व उपयोगी पडत नाही.

एका गोष्टीवर माझं आणि दिग्दर्शकांचं अजून जमत नाही. त्यांच्या मते हशा पिकणार हे ठाऊक असताना आम्ही मुलाला तसं पुढे करायला नको होतं. निदान साहेबाचा प्रवेश दुसऱ्या प्रसंगात ढकलायला हवा होता. मी धडगावला विचारलं. तो म्हणाला, हशाचं काही वाटलं नाही, वसतिगृहात रोजच होतो. बूट मात्र एक नंबर लहान होते.

काकांच्या बिलात डार्क शेडच्या दोन डब्या होत्या. आधीच आणलेल्या, दुकानदार परत घेईना. पैसे संघानं भरले. डब्या सामानाच्या पेटीत आहेत, सील न फोडलेल्या. मध्यंतरी एका शाळेनं स्नेहसंमेलनासाठी मागितल्या होत्या, कुठल्या नाटकासाठी ते सांगितलं नाही. आमच्या बैठकीत त्यावर पाऊण तास गेला आणि ठरलं काहीच नाही.